लेप आणि बंध

पटकी, देवी, प्लेग ह्या रोगांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यांनीं राज्यें हालविलीं, शहरें ओस पाडलीं, आणि म्हणून त्यांना बखरकार मिळाले. गुडघेदुखीला मात्र बखरकार मिळाला नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. हें दुखणें माणसाला मारीत नाहीं. तें त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवर क्षणभर थांबवितें, पाटावरून उठतांना जमिनीला हात टेकावयास लावितें, पावसाळी हवेंत पहांटेच्या सुमारास जागें करितें, एवढेंच. मोठमोठ्या वैद्यांना आणि डॉक्टरांना ह्या “एवढेंच” मध्यें फारसें स्वारस्य वाटलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, सांध्यांच्या रोजच्या दुखण्यावरील उपचार शेंकडों वर्षें घरांतील वडील बायकांच्या, तालमींतील वस्तादांच्या, हाडवैद्यांच्या आणि बाजारांत तेलाच्या बाटल्या मांडून बसणाऱ्या विक्रेत्यांच्या हातीं राहिले.

ह्या उपचारांचे प्रकार मुळांत दोनच. सांध्यावर कांहीं तरी लावावयाचें, किंवा सांध्याभोंवतीं कांहीं तरी बांधावयाचें. लेप आणि बंध. दोहोंचाही हेतु रोग समूळ बरा करण्याचा क्वचितच असे. आजचा दिवस निभावून नेण्याचा असे. पहांटे जात्यावर बसणारी बाई, बंदरावर पोतीं वाहणारा हमाल, गिरणींत दिवसभर उभा राहणारा साचेवाला ह्यांना “महिनाभर पडून राहा” असा सल्ला देणें म्हणजे सल्ला न देण्यासारखेंच होतें. लेप आणि बंध हे अशा माणसांचे उपचार होते, आणि त्यांच्या इतिहासांत शास्त्राला जितकें स्थान आहे तितकेंच रोजीलाही आहे.

आर्यवैद्यकानें सांध्यांच्या वेदनेचें मूळ वायूंत पाहिलें. सांध्यांत वायु शिरला म्हणजे तेथील सूज हवेनें भरलेल्या पखालीसारखी हाताला लागते आणि अवयव पसरतांना व आंखडतांना वेदना होतात, असें वर्णन चरकसंहितेंतील वातव्याधीच्या अध्यायांत आहे. सुजलेला गुडघा ज्यानें एकदां चांचपला आहे त्याला ह्या उपमेची यथार्थता पटेल. अशा वाताला तेल आणि ऊब हा उपाय. पण सर्व सांधेदुखी एका जातीची नसते, हेंही पुढें ध्यानांत आलें. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांतील माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत आमवात हा वेगळा रोग म्हणून मांडला. त्यांत सांधे नुसते दुखत नाहींत, तर सुजतात, जखडतात आणि अंगांत ज्वरही येतो. अकराव्या शतकांत बंगालच्या चक्रपाणिदत्तानें ह्या रोगांत वाळूच्या पुरचुंडीनें कोरडा शेक द्यावा असें सांगितलें. वात म्हटला कीं तेल, ही सरधोपट समजूत येथें मोडली. आजच्या वैद्यकांत सांध्यांची झीज आणि सांध्यांचा दाह असे जे वर्ग केले जातात, ते ह्या जुन्या विभागणीशीं तंतोतंत जुळत नाहींत, आणि ते जुळविण्याचा अट्टाहास करणें व्यर्थ आहे. परंतु उपाय योजण्यापूर्वीं सांधा तापलेला आहे कीं नुसता झिजलेला आहे हें पाहिलें पाहिजे, ही दृष्टि मात्र त्या काळींच आलेली होती.

लेप आणि बंध ह्यांचा संगम ‘उपनाह’ नांवाच्या उपचारांत झाला. गहूं व जव ह्यांचें भरड पीठ, आंबट पदार्थ, तेल आणि मीठ ह्यांचें ऊन पोटीस सांध्यावर ठेवून वर कातडें, आणि तें न मिळाल्यास रेशमी अगर लोकरीचें वस्त्र बांधावयाचें. चरकानें ह्याला एक नियम जोडला आहे. रात्रीं बांधलेलें दिवसा सोडावें आणि दिवसा बांधलेलें रात्रीं सोडावें, नाहीं तर कातडीचा दाह होतो. नियम साधा आहे. पण तो ज्यानें घालून दिला त्यानें पट्ट्याखालीं लाल झालेली त्वचा प्रत्यक्ष पाहिली होती, ह्यांत संशय नाहीं.

सुश्रुताचें ह्या विषयांतील काम त्याहूनही मोलाचें आहे. नाक जोडण्याच्या शस्त्रक्रियेमुळें त्याचें नांव जगभर झालें, आणि त्या प्रकाशांत त्याच्या पट्ट्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. त्याच्या संहितेंत बंधांचे १४ प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकीं सांध्यांसाठीं स्वस्तिकबंध सांगितला आहे, म्हणजे पट्टीचे वेढे एकमेकांस छेदून जातील असा. मोडलेल्या अवयवाला आधार देण्यासाठीं उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड ह्यांच्या साली आणि बांबूच्या कांबी घ्याव्या असें म्हटलें आहे. थंडीच्या दिवसांत पट्टी ७ दिवसांनीं, समशीतोष्ण ऋतूंत ५ दिवसांनीं आणि उन्हाळ्यांत ३ दिवसांनीं बदलावी, असा हिशेबही दिला आहे. पण सगळ्यांत महत्त्वाचा विचार ह्यापुढचा आहे. बंध सैल राहिला तर सांध्याला स्थिरता येत नाहीं. फार आवळला तर सूज येते, वेदना वाढते आणि पू होतो. म्हणून मध्यम बंध तोच जाणत्यांना मान्य. सांध्याला किती बांधावें आणि किती मोकळें सोडावें, हा प्रश्न पुढें एकोणिसाव्या शतकापर्यंत वैद्यकाला पुरला, आणि तो अजूनही पुरता सुटलेला नाहीं.

ग्रंथांतील हें ज्ञान घरांत नांदलें तें रुईच्या आणि एरंडाच्या पानांतून. एरंडाच्या पानाला तेल लावून तें निखाऱ्यावर ऊन करावयाचें आणि गुडघ्यावर ठेवून जुन्या लुगड्याच्या पट्टीनें बांधावयाचें, हा उपाय महाराष्ट्रांत घरोघरीं चाले. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, मुक्या मारावर आंबेहळद आणि रक्तबोळ ह्यांचा लेप, ओव्याची अगर मिठाची पुरचुंडी, हें सारें त्याच परंपरेंतलें. तालमींत तर तेलाच्या मालिशीला विद्येचा मान होता. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयानें कुस्तीचें जें वैभव वाढलें, त्यांत खुराक आणि मेहनत ह्यांच्या बरोबरीनें मालिशीचाही वांटा होता. ह्या उपायांत पानाचा गुण किती आणि उबेचा किती, ह्याचा निवाडा त्या काळीं कोणी केला नाहीं. बहुधा ऊब हीच मुख्य असावी. आणि तिच्याबरोबर दुसऱ्या माणसाचा हात, हें औषधही कमी लेखण्याजोगें नव्हे.

सारेच घरगुती उपाय मात्र असे निरुपद्रवी नव्हते. दुखऱ्या सांध्याला बिब्बा लावणें किंवा तापल्या लोखंडाचा डाग देणें, हेंही त्याच घरांत चालत असे. बिब्ब्याचें तेल कातडीला लागलें कीं फोड उठत आणि त्यांचे व्रण जन्मभर राहात. मराठी भाषेनें ह्या वस्तूविषयीं आपलें मत कायमचें नोंदवून ठेविलें आहे. चालत्या कामांत बिब्बा घालणें म्हणजे काय तें सर्वांना ठाऊक आहे. परंतु ह्या बाबतींत एकट्या दख्खनला दोष देण्याचें कारण नाहीं. युरोपांतही तेंच चाललें होतें, आणि तेथें त्याला विद्वत्तेचा आधार होता. शरीरांतील दूषित रस वाहात जाऊन सांध्यांत सांचतो, असें तिकडील जुनें मत. ‘ऱ्हुमॅटिझम’ हा शब्दच वाहण्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघाला. पॅरिसचा वैद्य गिय्योम द बाय्यू ह्याच्या मरणानंतर १६४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तो सांध्यांच्या रोगाला लावलेला आढळतो. रस सांचतो, तर तो बाहेर ओढून काढला पाहिजे. म्हणून ‘स्पॅनिश माशी’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हिरव्या भुंगेऱ्याची पूड बांधून फोड आणावयाचे, मोहरीचें पोटीस लावावयाचें, डाग द्यावयाचा. फोडांतून पाणी वाहिलें कीं वैद्याला वाटे, दोष बाहेर पडला. रोग्याला थोडा वेळ बरें वाटत असे हें खरें. पण तें दोष गेल्यामुळें नव्हे. त्वचा आणि सांधा ह्या दोहोंकडील संदेश मज्जारज्जूंतूनच मेंदूकडे जातात, आणि तेथें एकाची गर्दी दुसऱ्याला अडवूं शकते. दुखरी जागा नुसती चोळल्यानेंही बरें कां वाटतें, ह्याची उपपत्ति १९६५ सालीं मेल्झॅक आणि वॉल ह्या दोघांनीं मांडली. तोंवर उपचार होता, अनुभव होता, आणि कारण मात्र चुकीचें होतें.

जळजळीच्या औषधांत पुढें मिरचीनें मान पटकाविला. मिरची ही हिंदुस्थानची नव्हे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या वाटेनें इकडे आली आणि अशी रुळली कीं तिच्यावांचून येथें कधीं स्वयंपाक होत होता हें आज कोणास खरें वाटत नाहीं. तिच्यांतील तिखट द्रव्य १८१६ सालीं बुखोल्झ ह्या जर्मन रसायनज्ञानें अशुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. १८७६ सालीं इंग्लंडांतील जॉन थ्रेश ह्यानें तें शुद्ध करून त्याला कॅप्सेसिन हें नांव दिलें. मिरचीचा अर्क घातलेलीं मलमें आणि चिकटपट्ट्या विकल्या जाऊं लागल्या. मिरची लावलेली जागा भाजल्यासारखी वाटते, पण तेथें भाजण्याजोगी उष्णता नसते. मग ही आग येते कोठून? ह्याचें उत्तर १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत डेव्हिड ज्युलियस ह्यांच्या प्रयोगशाळेंत मिळालें. मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारें एक सूक्ष्म दार असतें, आणि मिरचीचें द्रव्य नेमकें तेंच दार उघडतें. मेंदूला वाटतें, भाजलें. हेंच दार पुनःपुन्हां उघडलें गेलें म्हणजे तो तंतु थकतो आणि वेदना कळविण्याचें आपलें काम मंद करितो. म्हणूनच असें मलम एकदां लावून गुण येत नाहीं, तें नित्यनेमानें कांहीं आठवडे लावावें लागतें. आणि लावल्यावर हात न धुतां डोळ्याला लावला तर जो प्रसंग गुदरतो तो सांगावयास नको. ज्युलियस ह्यांना आर्डेम पॅटापूटियन ह्यांच्यासह २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुदिन्याच्या फुलाचा, म्हणजे मेंथॉलचा, गारवाही अशाच एका थंडी ओळखणाऱ्या दारामुळें वाटतो.

दुसरें मोठें द्रव्य गंधपुऱ्याचें. हिमालय, खासी टेंकड्या आणि निलगिरी येथें उगवणाऱ्या एका झुडपाच्या पानांत हें सुवासिक तेल असतें. उत्तर अमेरिकेंतील त्याच्या भावंडाला तेथें विंटरग्रीन म्हणतात. १८४३ सालीं फ्रेंच रसायनज्ञ काऊर ह्यानें ह्या तेलाचें पृथक्करण करून त्यांतील मुख्य द्रव्य मेथिल सॅलिसिलेट असल्याचें दाखविलें. हें द्रव्य ज्या कुळांतलें, त्याच कुळांतलें विलोच्या सालींतील द्रव्य. एडवर्ड स्टोन ह्या इंग्रज पाद्र्यानें १७६३ सालीं त्या सालीचा तापावरील गुण रॉयल सोसायटीस कळविला होता, १८७६ सालीं डंडीच्या मॅक्लॅगन ह्या डॉक्टरानें त्याच द्रव्यानें सांध्यांचा तीव्र दाह शमतो असें प्रसिद्ध केलें, आणि १८९९ मध्यें ॲस्पिरिन बाजारांत आली. गंधपुऱ्याचें तेल त्वचेंतून आंत शिरतें. तें नुसतें कातडीला फसवीत नाहीं. मात्र ह्याच गुणामुळें तें धोक्याचेंही आहे. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर शुद्ध तेल, पोटांत गेलें तर सुमारें ७ ग्रॅम ॲस्पिरिन घेतल्यासारखें होतें, आणि तेवढें लहान मुलाचा प्राण घेण्यास पुरेसें आहे. सुगंधी तेलाची ही बाटली फळीवर उंच ठेवावी ती ह्यासाठीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हीं द्रव्यें बाटलींत भरून, चित्रविचित्र कागद चिकटवून विकण्याचा काळ सुरू झाला. इंग्लंडांत स्लाऊ गांवीं जेम्स एलिमन ह्यानें १८४७ सालीं आपलें चोळण्याचें तेल काढलें. त्याचे दोन प्रकार विकले जात; एक माणसांसाठीं आणि एक घोड्यांसाठीं, आणि घोड्यांच्या बाटलीवर राजेशाही विशेषण असे. अमेरिकेंत क्लार्क स्टॅन्ली नांवाचा इसम सापाचें तेल विकूं लागला. १८९३ सालीं ज्या शिकागो शहरांत स्वामी विवेकानंदांचें भाषण गाजलें, त्याच शहरांतील त्याच वर्षींच्या जागतिक प्रदर्शनांत हा गृहस्थ लोकांसमोर जिवंत साप चिरून दाखवीत होता. पुढें औषधांच्या शुद्धतेचा १९०६ चा कायदा झाला, आणि १९१६-१७ च्या सुमारास सरकारी रसायनज्ञांनीं त्याची बाटली तपासली. तींत साप नव्हता. खनिज तेल, थोडी गुरांची चरबी, मिरची आणि टर्पेंटाईन एवढेंच होतें. त्याला २० डॉलर दंड झाला, आणि ‘सापाचें तेल’ हा इंग्रजींत भोंदूगिरीचा पर्याय होऊन बसला. गंमत अशी कीं, मिरचीमुळें त्या तेलानें कोणाचा तरी गुडघा थोडाबहुत खरोखरच उतरला असेल. लबाडी नांवांत होती. महाराष्ट्रांतील रस्त्यांवर सांड्याचें तेल विकणारांची गोष्ट ह्याहून दुःखद आहे, कारण तेथें त्या गरीब सरड्याचा जीव खरोखरच जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला संरक्षण आहे, तरी हा धंदा पुरता थांबलेला नाहीं.

सगळेच बाटलीवाले भोंदू होते असें मात्र नव्हे. १८९३ सालींच मुंबईंत काशीनाथुनि नागेश्वरराव ह्या आंध्र गृहस्थांनीं अमृतांजन नांवाचें पिवळें मलम विकावयास काढलें. कापूर, मेंथॉल, गंधपुरा ह्या जातीच्या द्रव्यांचें हें मिश्रण. त्यांत सापाचा अथवा सिद्धपुरुषाचा बडेजाव नव्हता. त्या मलमाच्या उत्पन्नाचा उपयोग त्यांनीं जो केला तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९०८ सालीं त्यांनीं मुंबईंतूनच ‘आंध्र पत्रिका’ हें तेलुगु साप्ताहिक काढलें; १९१४ मध्यें तें मद्रासेस जाऊन दैनिक झालें आणि राष्ट्रीय चळवळीचें एक प्रमुख पत्र बनलें. मुंबईकरांच्या दुखऱ्या डोक्यांनीं आणि पाठींनीं एका वृत्तपत्राचा पाया घातला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. रंगूनमध्यें औ घराण्याच्या औषधालयांत तयार झालेलें वाघछाप मलमही ह्याच पिढीचें. त्या घराण्याच्या पुत्रांनीं १९२६ सालीं आपला धंदा सिंगापुरास नेला आणि तेथून तें आशियाभर पसरलें.

बंधाची कथा ह्याहून गंभीर आहे, कारण तींत चुकलेल्या शास्त्राची किंमत रोग्यांनीं आपल्या सांध्यांनीं भरली. १७४१ सालीं पॅरिसच्या निकोला आंद्री ह्यानें ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द प्रथम योजला. त्याच्या पुस्तकांतील खुंटाला बांधलेल्या वांकड्या झाडाचें चित्र आज त्या शास्त्राची खूण होऊन बसलें आहे. खुंटाला बांधणें हाच पुढें धर्म झाला. सांध्याचा क्षय त्या काळीं सर्वत्र होता, आणि क्षयाच्या सांध्याला विश्रांति देणें योग्यच होतें. पण त्या भयानें साधा मुरगळलेला पाय आणि धरलेला गुडघाही आठवडेच्या आठवडे फळ्यांत जखडून ठेवूं लागले. दाह जाई, आणि सांधा लांकडासारखा होई. मग तो रोगी निमूटपणें गांवच्या हाडवैद्याकडे जाई. हाडवैद्य पाय धरून एक हिसका देई, आंत जुळलेले पापुद्रे तुटत, आणि माणूस चालत घरीं येई. १८६७ सालीं लंडनचे सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य सर जेम्स पॅजेट ह्यांनीं ‘हाडवैद्य बरे करितात ते रोगी’ ह्या आशयाच्या मथळ्याचें व्याख्यान देऊन आपल्या व्यवसायबंधूंचे कान उपटले. हाडवैद्यांच्या हातून घात होतात हें त्यांनीं सांगितलेंच. पण आपल्या अति विश्रांतीमुळें जखडलेले सांधे ते मोकळे करितात, तेव्हां त्यांच्यापासून घेण्यासारखें तें घ्या, असेंही बजाविलें. १८७१ सालीं व्हार्टन हूड ह्या डॉक्टरानें तर हटन नांवाच्या हाडवैद्याजवळ शिकून त्याची पद्धति ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. विद्वानानें अशिक्षिताचें ऋण असें छापून कबूल केल्याचीं उदाहरणें वैद्यकांत थोडीं आहेत.

ह्याच भांडणांत लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस उभा होता. वेल्समधील अँग्लसी बेटावरील हाडवैद्यांच्या पिढीजात घराण्यांत त्याचा १८३४ सालीं जन्म झाला. त्याचा बाप इव्हान टॉमस ह्यानें लिव्हरपुलांत हाडवैद्यकी केली, डॉक्टरांच्या हातून कोर्टकचेऱ्या सोसल्या, आणि शेवटीं आपल्या मुलांना रीतसर डॉक्टर करविलें. हाडवैद्याचा हा मुलगा मात्र विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता निघाला. पण त्याची विश्रांति श्रीमंताच्या पलंगावरची नव्हती. त्याच्याकडे येत ते गोदीकामगार, खलाशी आणि त्यांचीं मुलें. रविवारीं तो गरिबांना फुकट तपाशी. त्यानें आपल्या घरींच लोहार आणि खोगीर करणारा कारागीर ठेवून लोखंडी सळ्यांच्या व चामड्याच्या कड्याच्या अशा चौकटी तयार करविल्या कीं, शरीराचा भार जांघेजवळच्या कड्यावरून सरळ जमिनीवर उतरावा आणि मधला गुडघा मोकळा राहावा. अशा चौकटींत रोगी हिंडूंफिरूं शके. १८७५ सालीं त्यानें हें सारें ग्रंथांत मांडलें, पण लंडनच्या पंडितांनीं लिव्हरपूलच्या ह्या फटकळ माणसाकडे लक्ष दिलें नाहीं. १८९१ सालीं तो वारला. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स ह्यानें पहिल्या महायुद्धांत तीच चौकट मांडीचें हाड मोडलेल्या शिपायांना लावविली, आणि ज्या जखमेनें बहुतेक शिपाई मरत तिच्यांतून बहुतेक वांचूं लागले. क्षयाच्या गुडघ्यासाठीं निघालेली वस्तु रणांगणावर अशी कीर्ति पावली.

रबर, विणलेली लवचिक पट्टी, १९३० नंतरचें कृत्रिम रबर आणि १९५० नंतरची चिकटून उघडणारी फीत ह्यांनीं पुढें बंध हलका आणि स्वस्त केला, आणि तो औषधांच्या दुकानांत टांगला जाऊं लागला. विणलेला गुडघापट्टा शरीराचा भार फारसा उचलीत नाहीं, हें विकणारे सांगत नाहींत. तो ऊब देतो, किंचित् दाब देतो, आणि सांधा कोणत्या स्थितींत आहे ह्याची जाणीव तीक्ष्ण करितो. त्यामुळें पाऊल निःशंक पडतें. बिजागरीचा ताठ पट्टा मात्र गुडघ्याच्या झिजलेल्या बाजूचा थोडा भार दुसऱ्या बाजूला सारूं शकतो, पण तो जड असतो आणि पुष्कळ लोक तो थोड्याच दिवसांत खुंटीला टांगतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोळ्यांनीं लेप आणि बंध दोघांनाही मागें सारलें. १९७० नंतर डायक्लोफेनॅकसारखीं दाहशामक औषधें आलीं. एक गोळी, आणि दिवस मोकळा. किंमत हळूहळू कळली. पोटांत व्रण, रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा. आणि २००४ सालीं रोफेकॉक्सिब हें गाजलेलें औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळें जगभरच्या बाजारांतून काढून घ्यावें लागलें. त्याच वर्षीं दुसरी एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. लंगडणाऱ्या बैलांना आणि आजारी गुरांना डायक्लोफेनॅक टोंचीत असत. अशीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस खाणारीं गिधाडें मूत्रपिंड निकामी होऊन लक्षावधि मेलीं. मुंबईच्या मलबार टेंकडीवरील पारशांच्या दोखम्यांवर गिधाडें येईनाशीं झालीं तीं ह्या काळांत. भारत सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध वापरण्यास बंदी केली.

गोळीची ही बाजू दिसल्यावर पंडितांची दृष्टि पुन्हां कातडीकडे वळली. तेंच डायक्लोफेनॅक मलमांतून गुडघ्याला लावलें, तर तोंडानें घेतलेल्या मात्रेच्या मानानें सुमारें ६ टक्केच औषध सबंध शरीरांत पसरतें, असें मोजून दिसलें. गुडघा आणि हाताचे सांधे त्वचेच्या जवळ असल्यामुळें तेथें त्याचा गुण येतो. खुबा खोल असल्यामुळें तेथें येत नाहीं. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनें २०२२ सालीं झिजेच्या गुडघ्याला औषध द्यावयाचें तर आधीं असें मलमच द्यावें, असें ठरविलें. मिरची, मेंथॉल आणि गंधपुरा ह्यांचीं जुनीं मलमें सौम्य दुखण्यावर चाललीं आहेतच. मात्र तीं लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवूं नये, कारण अशा मलमांनीं कातडी भाजल्याचीं उदाहरणें अमेरिकेच्या औषधखात्यानें २०१२ मध्यें प्रसिद्ध केलीं आहेत.

बंधाविषयीं मात्र एकमत नाहीं. अमेरिकेच्या संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं गुडघ्याच्या बिजागरीच्या पट्ट्याची आणि आंगठ्याच्या मुळाशीं बांधावयाच्या आधाराची जोरदार शिफारस केली. उपरोक्त इंग्रज संस्थेनें तीन वर्षांनीं त्याच पुराव्याच्या आसपास उलट सल्ला दिला: सांधा डळमळत असेल किंवा त्यावर वांकडा भार पडत असेल, आणि आधारावांचून व्यायाम साधत नसेल, तरच पट्टा द्यावा. व्यायाम मुख्य, ह्यावर दोघांचेंही एकमत आहे. मांडीचे स्नायु बळकट झाले कीं गुडघ्याचा खरा आधार तयार होतो, आणि दिवसरात्र बांधलेल्या पट्ट्यानें ते स्नायु सुस्तावतात अशी भीति राहते. काठीविषयीं वाद नाहीं. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावयाची, जरी बहुतेक माणसें ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. आंगठ्याच्या आधाराचा उपयोग कपडे पिळणाऱ्या आणि पोळ्या लाटणाऱ्या हातांना फार, आणि गुडघ्यांच्या पट्ट्यांच्या मानानें त्याची चर्चा फार थोडी. गुडघ्याचा पट्टा घेतांना सूज उतरलेली असतांना टेपानें माप घ्यावें, केवळ उंचीवरून अगर वजनावरून घेऊं नये. बांधल्यावर पायाचीं बोटें थंड अगर निळसर पडलीं तर तो सैल करावा. आणि निजतांना सोडून ठेवावा.